ध्रुवाखालची येळवस

सकाळी जाग आली ती वासाने. ज्वारीचं पीठ ताकात भिजून दोन दिवस उबेला राहिलं, की त्याला एक आंबूस, किंचित गोडसर, पोटातल्या भुकेला हाक मारणारा गंध सुटतो. तो गंध उशाशी येऊन बसला होता. डोळे मिटलेलेच होते, म्हणून काही क्षण मी लातूर भागातल्या मुरुडजवळच्या आमच्या गावात होते. चुलीचा धूर, मार्गशीर्षातली कोवळी थंडी, ओसरीत कुणीतरी पाटीत भाकरी रचते आहे, आणि बैलगाडीच्या जागी आता ट्रॅक्टर आला असला तरी शेतावर निघण्याची तीच जुनी घाई. मग डोळे उघडले. वर लाकडी छत होतं, खिडकीबाहेर मिट्ट काळोख होता आणि काचेच्या खालच्या कडेपर्यंत बर्फ साचला होता. घड्याळात साडेसात वाजले होते. पण नॉर्वेच्या त्या उत्तर टोकाला त्या दिवसांत सूर्य क्षितिजावर येतच नाही, तेव्हा साडेसात सकाळचे की संध्याकाळचे हे माणसाने स्वतःच लक्षात ठेवायचं असतं.

स्वयंपाकाच्या ओट्यापाशी अक्का उभी होती. अंगात भाड्याने घेतलेला बर्फाचा जाडजूड पोशाख, त्याच्या गळपट्टीतून ओढून काढून डोक्यावर घेतलेला इरकली साडीचा पदर, आणि हातात पळी. परवा दुकानात तिने ताकासारखं आंबट दूध शोधून घ्यायला लावलं होतं आणि रात्री एक झाकलेलं पातेलं भिंतीवरच्या हीटरखाली सरकवलं होतं, तेव्हा तिने दही लावलं असेल अशी मी आपली समजूत करून घेतली होती. आता ते पातेलं उकळत होतं. हैदराबादच्या विमानतळावर तिच्या बॅगेतली पांढऱ्या पिठाची पुडी बाहेर काढून ज्या गणवेशातल्या मुलीने ती चारदा हुंगली होती, त्या पुडीचा उलगडा मला त्या सकाळी झाला.

अक्का माझी थोरली जाऊ. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा मला लातूरच्या शाळेत भूगोलाच्या शिक्षिकेची नोकरी लागली होती आणि शेतकऱ्याच्या घरातली सून रोज उठून बसने शाळेत जाणार, हे सासूबाईंच्या काही केल्या गळी उतरत नव्हतं. त्या वेळी स्वतः चौथीपर्यंत शिकलेली ही बाई भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली होती, "जाऊ द्या की तिला. मी हाय न्हवं घरात." या एका वाक्यावर माझी तेहतीस वर्षांची नोकरी उभी राहिली. पुढे आम्ही लातुरात बिऱ्हाड केलं तरी माझा मुलगा पहिली तीन वर्षं तिच्याच कडेवर वाढला. मी वर्गात फळ्यावर नद्या काढत होते तेव्हा ती माझ्या वाटणीची कामं करत होती, आणि त्याबद्दल ती कधी एक अक्षर बोलली नाही. उपकार बोलून दाखवणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं; न बोलणाऱ्याचं काय करावं हे मला आजवर कळलेलं नाही.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरून जातात. शेतात कडब्याची खोप उभारायची, तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडायचे, त्यांना आंबील आणि नाना शेंगा-पाल्यांची भज्जी वाहायची, आणि मग घरच्या गड्याने अंगावर घोंगडी घेऊन, आंबिलाचं मडकं उचलून, साऱ्या शेताला फेरी घालायची. हरभऱ्याच्या डहाळीने पिकावर आंबील शिंपडत तो ओरडतो, "ओलगे ओलगे, सालम पलगे!" आणि मागची पोरंसोरं तेच ओरडतात. अर्थ कुणी विचारत नाही. भरल्या दिवसांची पोटुशी असावी तशी ती काळी माती त्या दिवशी जेवते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याचं शेत त्या दिवशी उपाशी राहिलं त्याच्याकडे गाव वर्षभर जरा वेगळ्या नजरेने पाहतं.

अशाच एका येळवशीला, जेवणं उरकल्यावर खोपीच्या सावलीत मटारच्या शेंगा सोलत बसलो असताना, मी अक्काला ध्रुवीय प्रकाशाबद्दल सांगत होते. आदल्याच आठवड्यात तो धडा शिकवून झाला होता. हिरवा खडू आडवा धरून मी फळ्यावर एक लाटालाटांचा पडदा काढला होता आणि त्या पडद्यावर स्वतःच खूश होते. अक्काने सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "तू बगितलास का गं?" मी म्हटलं, नाही. ती शेंग सोलत राहिली आणि म्हणाली, "मंग पोरांना कसं सांगतीस?"

तिने ते टोचण्यासाठी विचारलं नव्हतं. पण भूगोलाच्या बाईला याहून नेमका प्रश्न कुणी विचारला नसेल. ज्या समुद्राच्या लाटा शिकवल्या तो मी उशिरा पाहिला, वाळवंट तर पाहिलंच नाही. मी हसून म्हटलं, "निवृत्त झाले की जाऊ आपण दोघी." अशी आश्वासनं माणूस शेंगांच्या सालांसारखी देतो. पण निवृत्त झाले त्या संध्याकाळी, हारतुऱ्यांचा वास अंगाला असताना, मला तेच वाक्य आठवलं, आणि या वेळी मी ते विसरायचं नाही असं ठरवलं. तिच्या न बोललेल्या सगळ्याची उतराई, निदान तिच्या एका प्रश्नाचं उत्तर, मला द्यायचं होतं. आमच्या ह्यांना थंडीचं वावडं. त्यांनी दोघी जावांना मोठ्या आनंदाने परवानगी दिली आणि स्वतः घरी राहिले.

आणि इथे मी ती चूक केली. प्रकाश पाहायचा तर आकाश काळं हवं, चंद्र नको, हे मला माहीत होतं. मी संगणकावर चंद्राच्या कलांचा तक्ता काढला, हिवाळ्यातली एक बिनचंद्राची रात्र हेरली आणि तिच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन दिवस धरून तिकिटं काढून टाकली. अमावस्या शोधली, पण अमावस्या कोणती ते पाहिलं नाही. तेहतीस वर्षं चंद्राच्या कला शिकवणाऱ्या बाईला येळवस कळायची ती आकाशाकडे पाहून नव्हे, शिक्षकांच्या खोलीतल्या सूचना फलकावर लागलेल्या स्थानिक सुट्टीच्या कागदावरून. आणि निवृत्त झाल्यावर तो फलक सुटला होता. दिवाळीत गावी गेले तेव्हा अक्काने तारीख विचारली, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला आणि "बरं" म्हणाली. ती काय मोजत होती, हे विचारण्याचंही मला सुचलं नाही.

निघायला दहा दिवस उरले असताना शाळेतल्या एका मैत्रिणीने फोनवर सहज सांगितलं, की वेळ अमावास्येची सुट्टी लागली. ज्या बाईने बेचाळीस वर्षांत, बाळंतपणाचं ओलं अंग असतानाही, एक येळवस चुकवली नव्हती, तिला मी नेमकी त्याच दिवशी शेतापासून उचलून पृथ्वीच्या टोकाला नेणार होते, आणि वर त्याला कृतज्ञता म्हणणार होते. मी रडवेल्या आवाजात फोन केला, तारीख बदलू म्हटलं. पलीकडून तिचा सपाट आवाज आला: "मला ठावं हाय की दिवाळीपस्नं. तिकिटं फिरत न्हाईत म्हनं, बालाजी सांगत होता. शेताला बालाजी हाय. तू रडू नगं." बालाजी तिचा मुलगा. तिच्या त्या शहाणपणाने माझा अपराध हलका झाला नाही, उलट जड झाला. तिने माझ्यासाठी आणखी एक गोष्ट सोडली होती, आणि नेहमीप्रमाणे गाजावाजा न करता.

तिथे पोहोचलो आणि आभाळ भरून आलं. पहिला दिवस ढग, दुसरा दिवस ढग, मध्येच भुरभुर बर्फ. खाडीच्या काठावरचं ते दोन खोल्यांचं लाकडी घर, त्याच्या मागे बर्फाने झाकलेला लांबरुंद उतार, आणि उताराच्या टोकाशी घरमालकिणीचं घर. ती साठीची, लाल गालांची बाई मेंढ्या पाळत होती आणि रोज एकदा येऊन आकाशाकडे पाहून मान हलवून जात होती. दुपारी बारा वाजता दक्षिणेला एक फिकट गुलाबी पट्टी उजळे, तास-दोन तास सगळा बर्फ निळसर दिसे आणि मग पुन्हा अंधार. अक्का खिडकीशी बसून ते पाहत असे. मी मात्र क्षणाक्षणाला ढग मोजत होते. हिची येळवस घेतली, आणि बदल्यात हिला ढगच दाखवून परत न्यायचं, या विचाराने मला अन्न गोड लागत नव्हतं.

तर ती सकाळ येळवशीची होती. आंबील उकळली, लसूण-जिऱ्याचा वास त्या लाकडी घराच्या भिंतींत मुरला. भज्जीला फ्रीजमधले गोठवलेले वाटाणे आणि नाव न कळलेला एक पाला होता. अक्काने तो चावून पाहिला आणि "चालतंय" म्हणून कढईत ढकलला. साडेआठच्या सुमारास बालाजीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपारचा एक वाजला होता. हातभर उंच जोंधळा उन्हात डोलत होता, खोपीपुढे पंगत बसली होती, आमचे हे भाकरी मोडता मोडता हात हलवत होते. बालाजीने घोंगडी पांघरून मडकं उचललं, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात शेतातली रेंज गेली. चित्र तिथेच थिजलं. अक्का त्या थिजलेल्या चित्राकडे खूप वेळ पाहत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहण्याचं टाळलं.

दुपारी, जेवढा काही उजेड होता तेवढ्यात, आम्ही खाडीवर गेलो. भरती-ओहोटीच्या पाण्याने काठाची एक पट्टी बर्फावाचून मोकळी ठेवली होती. तिथून अक्काने पाच गोटे निवडले, घरी आणून गव्हाच्या पिठाने पांढरे केले आणि दाराबाहेर बर्फात पाटाएवढी जागा करून मांडले. हळदकुंकू तिच्या कनवटीला होतंच. नैवेद्य झाला, आम्ही जेवलो. आणि मग उरलेल्या आंबिलाचं भांडं हीटरपाशी तसंच राहिलं. मी म्हटलं, "अक्का, फेरीचं काय?" ती भांड्याकडे न पाहता म्हणाली, "ते गडीमाणसाचं काम हाय."

तेव्हा मला एक गोष्ट लख्खपणे दिसली. बेचाळीस वर्षं आंबील हिने आंबवली, उकळली, मडक्यात ओतली, मडकं दिराच्या, नवऱ्याच्या आणि पुढे मुलाच्या हातात दिलं, आणि खोपीत बसून त्यांच्या हाका दूर दूर जाताना ऐकल्या. शेताची फेरी तिने एकदाही घातली नव्हती. कुणी मनाई केली होती असंही नाही. पंगत कुणीतरी सांभाळायची असते, आणि ते कुणीतरी म्हणजे ती असे. मी तर त्या साऱ्या वर्षांत पाहुणीसारखी दुपारी पोहोचून जेवलेच होते.

पाचच्या सुमारास दार वाजलं. घरमालकीण आकाश मोकळं होतंय हे सांगायला आली होती. तिची नजर त्या पाच दगडांवर गेली, मग भांड्यावर; मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत जमेल तसं सांगितलं, की आज आमच्याकडे शेताला जेवू घालतात. ती हसली नाही. तिने मागच्या उताराकडे बोट करून सांगितलं, की या बर्फाखाली तिचं गवताचं रान आहे, उन्हाळ्यात तिच्या मेंढ्या त्यावरच जगतात. मी ते अक्काला मराठीत सांगितलं. अक्काने दारातून त्या पांढऱ्या, निःशब्द उताराकडे पाहिलं. "मंग हे बी रानच हाय की," ती म्हणाली. मग भांड्याकडे वळून म्हणाली, "आज उपाशी कसं ठिवायचं?"

ती उठली. घरमालकिणीने काय समजून घेतलं कुणास ठाऊक, पण तिने आपल्या खांद्यावरचं करड्या लोकरीचं पांघरूण काढून अक्काच्या डोक्यावरून सोडलं. तिच्याच मेंढ्यांच्या लोकरीचं, आमच्या घोंगडीइतकंच खरबरीत आणि उबदार. अक्काने भांडं काखेत घेतलं, बर्चच्या झाडाची एक वाळकी डहाळी मोडली आणि उताराच्या कडेने चालू लागली. मागे मी, माझ्या मागे ती मेंढ्यांची मालकीण. घरात थोरली माणसं बसली असताना बाई बोलते, तेवढ्याच आवाजात ती "ओलगे ओलगे" म्हणाली आणि थांबली. तिने एकदा मागे वळून पाहिलं. ऐकणारं कुणी नव्हतं; खाडी होती, डोंगर होते, आणि आम्ही दोघी. मग तिने छाती भरून वारा घेतला आणि ओरडली, "ओलगे ओलगे, सालम पलगे!" तो आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. समोरच्या डोंगराने तो परत दिला. मी ओरडले. ती परकी बाईही, जमेल तसे शब्द मोडून, ओरडली. डहाळीवरून उडालेले आंबिलाचे थेंब बर्फावर पडून जागीच गोठत होते.

निम्मी फेरी झाली असेल. माझ्या लक्षात आलं, की बर्फावर आमच्या सावल्या पडल्या आहेत. अमावास्येला सावली कुठून येणार, म्हणून मी वर पाहिलं. ढग फाटले होते, ध्रुवतारा, जो आमच्या शेतावरून बांधावरच्या बाभळीएवढाच वर दिसतो, तो तिथे जवळजवळ डोक्यावर होता, आणि त्याच्या खालून या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत हिरवा उजेड हलत होता. फळ्यावर मी काढलेला पडदा किती खोटा होता! तो पडद्यासारखा नव्हताच. तो उजेड वाहत होता, विझत होता, पुन्हा दुसरीकडून उमलत होता, कडांना जांभळट होत होता, आणि एवढं सगळं होत असताना कसलाही आवाज नव्हता. मी रडत होते. मला त्याची लाज वाटली नाही.

अक्का मान मागे टाकून, काखेतलं भांडं न सोडता पाहत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "वाऱ्यावर जोंधळा हालतोय बग." मग तिने विचारलं, "हे रोज येतं का गं?"

"नाही अक्का. कधी येतं, कधी येत नाही."

"मंग आज कामून आलं?"

सूर्यावरून सुटणारे कण, पृथ्वीचं चुंबकत्व, वातावरणाचे थर. सगळं उत्तर माझ्या जिभेवर होतं, तेहतीस वर्षं घोटलेलं. त्यातलं काहीही खोटं नव्हतं. पण मी तिच्या मागे आंबिलाची फेरी घालत होते, आणि माझ्यातली भूगोलाची बाई गप्प बसली. अक्कालाही उत्तराची घाई नव्हती. "चल, निम्मं राहिलंय," असं म्हणून ती पुढे निघाली, आणि त्या हलत्या उजेडाखाली तिने ते परकं रान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेवू घातलं. मी हिला काही द्यायला आणलं होतं, हे तेवढ्या वेळात मी विसरूनच गेले.

निघताना घरमालकिणीने ती लोकरीची घोंगडी अक्कालाच दिली. लातूरला उतरल्यावर अक्काने ती माझ्या हातात ठेवली, "तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे, गावात कुनी इचारलं तर काय सांगू?" गावात तिने उजेडाचं वर्णन सगळ्यांना केलं, विमानातल्या जेवणाची नक्कल केली, बर्फात मी दोनदा घसरून पडले तेही चवीने सांगितलं. फेरीबद्दल मात्र ती कुणाशीही बोलली नाही. मीही बोलले नाही. गावी गेले की आमची नजरानजर होते आणि ती पदर सारखा करून कामाला लागते.

परवा तिचा फोन आला. येळवस पुढच्या आठवड्यात आहे. या वेळी पेरांवर मी स्वतः मोजली आहे. नेहमीच्या चौकश्या झाल्या, तुरीच्या शेंगा भरल्या आहेत, नानांचे, म्हणजे थोरल्या भावजींचे, गुडघे तसेच आहेत. मग ती म्हणाली, "औंदा आदल्या दिशीच मुक्कामाला ये. भज्जी तू करायचीस, पंगत बी तूच बगायचीस."

मी म्हटलं, "मी? अक्का, मला कुठलं जमतंय?"

"जमंल. मला त्या दिशी दुसरं काम हाय." मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आन् येताना त्या बाईची घोंगडी आन."

मी ती लगेच कपाटातून काढली आणि गच्चीवर उन्हात टाकली. तिला अजून आंबिलाचा वास येतो.